कुत्री हलवली म्हणून पिसवा हलणार नाहीत: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कमिटीचे सर्व सभासद,
कारेलीबाग, वडोदरा

दिनांक: ५ सप्टेंबर २०२५

विषय: चांचडांबद्दलची (म्हणजे पिसवांबद्दलची) बोर्डावरची नोटीस, आणि गरब्याच्या आधी काय करता येईल

सप्रेम नमस्कार.

बुधवारी लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागलेली नोटीस वाचली. कंपाउंडमध्ये चांचड वाढल्यामुळे गेटवरची दोन कुत्री लांब सोडून येणार, पाळीव जनावरं कोणी खाली आणायची नाहीत, आणि रविवारी धुराचं मशीन फिरवणार, असं त्यात आहे. त्रास खराच आहे. परवा आरतीला उभी असताना मीही एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत होते, आणि माझ्या टाळ्या बेताल झाल्या त्या काही भक्तीने नव्हेत. पण या तीन उपायांपैकी एकानेही पिसवा जाणार नाहीत, उलट एकाने वाढल्यासारख्या वाटतील. म्हणून हे पत्र. सेक्रेटरीभाईंसाठी गुजराती प्रत माझी सून करून देते आहे.

मीटिंगमध्ये दुसऱ्या कोणी काढायच्या आधी माझ्या घरचं मीच सांगते. आमच्या मांजरीला तुम्ही ओळखता. सेव-उसळीवरच्या तरीचा रंग आहे म्हणून नातवाने तिचं नावच तरी ठेवलं. आषाढात ती सारखी मान खाजवायला लागली. बारीक दातांच्या कंगव्याने विंचरली तर मिरपुडीसारखी काळी कणी पडली. ती ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवली, तर प्रत्येक कणीभोवती तांबूस वर्तुळ उमटलं. नुसती माती असती तर रंग सुटला नसता. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे त्यांनी प्यायलेलं आणि पचवलेलं रक्त. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी आज रात्रीच ही परीक्षा करून पाहावी, फुकट आहे.

पुढे मी जे केलं ते कोणी करू नये. एका दुकानातून थेंबांची नळी आणली. पाकिटावर चित्र कुत्र्याचं होतं. विकणारा म्हणाला, मांजरीला अर्धी टाका, चालतं. मी टाकली. दोन-तीन तासांत तरीचे कान फडफडायला लागले, मग सगळं अंग थरथरायला लागलं. नळीत पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला ते सोसतं, पण मांजरीच्या यकृताला ते निकामी करून बाहेर टाकता येत नाही आणि त्यातून जीवही जातो. डॉक्टरांनी फोनवर आधी भांडी घासायच्या साबणाने तिला धुवायला लावलं आणि मग बोलावून घेतलं. ती रात्र मी दवाखान्याच्या बाकावर काढली. तरी वाचली. आता तिला मांजरांसाठीचंच औषध वजनाप्रमाणे दर महिन्याला मिळतं आणि कंगव्यात काही येत नाही. पण जिन्याखाली चार अंडी आमच्याकडून गेली असतील, हे मी नाकारत नाही.

अंडी हा शब्द मुद्दाम वापरला. जनावराच्या अंगावर उड्या मारताना दिसतात त्या मोठ्या पिसवा. एकूण पसाऱ्यात त्या शंभरात पाचच धरतात. बाकी सगळा माल जमिनीवर असतो. मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते, ती केसांना चिकटत नाहीत, जनावर जिथे झोपतं किंवा अंग झटकतं तिथे घरंगळतात. अळी निघाली की ती उजेडापासून पळते, फरशीच्या फटीत, सतरंजीच्या धाग्यांत, पाल्याखाली शिरते, आणि वरून पडणाऱ्या त्याच काळ्या कण्या खाऊन वाढते. मग कोष विणते. कोषाचा धागा चिकट, त्यावर धूळ बसते, आणि धुळीच्या कणापासून तो वेगळा ओळखू येत नाही. या कोषात कोणतंही औषध धड पोचत नाही. आतली पिसू तयार होऊनही कित्येक महिने गप्प बसू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की ती बाहेर येते.

ए विंगमधल्या बंद फ्लॅटचं कोडं इथे सुटतं. मालक मंडळी मे महिन्यापासून परदेशात होती. गणपतीला आली, दार उघडलं, आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या घोट्यांवर पिसवा. तीन महिने घरात माणूस नाही, जनावर नाही, मग ही बला आजच आली कुठून? नजर आमच्या तरीकडे गेली. पण त्यांच्या बाथरूमच्या खिडकीची जाळी फाटलेली आहे, आणि उन्हाळ्यात एक भटकी मांजर तिथून आत जाऊन व्याली होती. पिल्लं घेऊन ती गेली, कोष तिथेच राहिले. त्यांनी पावलांची वाट पाहिली, एवढंच.

आता तुम्हीच सांगा, गेटवरची कुत्री नेल्याने काय होईल? पिसवांचं ताट उचललं जाईल, पिसवा तिथेच. उपाशी पिसू मग वॉचमनच्या पायावर, पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांवर आणि माझ्या-तुमच्यावर चढेल. शिवाय दोन्ही कुत्र्यांच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली आहे. २०२३ च्या पशू जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे अशा कुत्र्यांना शस्त्रक्रियेनंतर त्यांच्याच जागी परत सोडायचं असतं, सोसायटीला गैरसोय झाली म्हणून कुठेही नेऊन टाकता येत नाही. मागच्या वर्षीच्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी वस्तीत आल्या तेव्हा वनखात्याची माणसं त्यांना धरून नेत होती. नदीच हलवा असं तेव्हाही कोणी म्हणालं नव्हतं.

धुराच्या मशीनबद्दल. तो धूर उडत्या डासांसाठी असतो. तो वर जातो, फटीत आणि गादीखाली शिरत नाही. अळ्या-कोषांच्या जागा सोडून सगळीकडे धूर, आणि वर मेन्टेनन्समधून पैसे.

खर्च कुठे करायचा ते मी तीन रात्री बसून शोधलं आहे. पसरट ताटलीत पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि ताटलीवर झुकलेला एक छोटा दिवा. पिसवा उजेडाकडे उडी मारतात, साबणामुळे पाण्यावर तरंगत नाहीत, बुडतात. सकाळी बी विंगच्या जिन्याखालच्या ताटलीत मोजवेनात इतक्या होत्या. पंपरूममध्ये आणि वॉचमनच्या केबिनमागे बऱ्याच. रंगकामातून उरलेल्या रेतीच्या ढिगाशेजारी, जिथे कुत्री दुपारी लोळतात, तिथेही. मधल्या मोकळ्या पेवर ब्लॉकवर, जिथे दिवसभर ऊन असतं, तिथे एकही नाही, आणि गच्चीवरही नाही. अळीला सावली आणि दमट हवा लागते, उन्हात ती वाळून मरते. म्हणून आपल्या मे महिन्यात हा त्रास बाहेर जाणवत नाही आणि भाद्रपदात उसळी मारतो. जिन्याखालीच मंडपाच्या सतरंज्या वर्षभर गुंडाळून पडलेल्या असतात. त्या चतुर्थीला झटकून अंथरल्या, आणि आपण सगळे त्यावर मांडी घालून बसलो. पुढचं सांगायला नको.

उद्या अनंत चतुर्दशी. विसर्जन झालं की रविवारी, ७ तारखेला, सफाई करावी. सतरंज्या गच्चीवर कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी. ऊन नाही पडलं तर गरम पाण्याने धुवायला टाकायच्या. जिन्याखालचं भंगार, मोडकी सायकल, तीन वर्षं न हललेली ती स्कूटर बाहेर काढायची. रेतीचा ढीग उचलायचा, कुंपणाच्या मेंदीखालचा कुजका पाला काढायचा आणि मेंदी खालून एवढी छाटायची की जमिनीला ऊन दिसेल. मग सोमवारी, ८ तारखेला, फक्त त्या चार-पाच सावलीच्या जागांवर फवारणी. अख्ख्या कंपाउंडला औषधाची अंघोळ नको. मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधाबरोबर अळ्यांची वाढ थांबवणारं औषधही हवं. पायरीप्रॉक्सिफेन आणि मेथोप्रीन अशी दोन औषधं येतात. मेथोप्रीन उन्हात टिकत नाही, म्हणून बाहेर पायरीप्रॉक्सिफेनच मागा. फवारणीवाल्याने औषधाचं नाव आधी लिहून द्यावं, ही माझी अट समजा. का, ते वर आलंच आहे. वाळेपर्यंत मुलं आणि जनावरं लांब. आपल्या कमळाच्या हौदात डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आहेत, त्यांना ही औषधं विषासारखी लागतात, तेव्हा हौद झाकायचा आणि त्याच्याजवळ फवारायचंच नाही. ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे त्यांनी ती झाकून हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवावा.

घराघरांतलं काम ज्याचं त्याने करायचं. व्हॅक्युम असेल तर सोफ्याच्या फटी, पलंगाखालचा भाग, भिंतीकडेच्या कोटा फरशीच्या सांधी रोज निदान दहा दिवस. त्या हादऱ्याने कोष फुटतात, ते बरंच आहे. धूळ मात्र पिशवीत घट्ट बांधून लगेच बाहेर. व्हॅक्युम नसेल तर कचरा-पोतं, म्हणजे झाडणं-पुसणं. ज्या घरात फवारणी होईल तिथे आठवडाभर कडेकोपरे ओल्या फडक्याने पुसू नयेत, नाहीतर औषध बादलीत जाईल. जनावरांचं अंथरूण गरम पाण्यात. दांडिया बाजारच्या वाड्यात माझी आजी पहिलं ऊन पडलं की सगळ्या गोधड्या गच्चीवर टाकायची आणि संध्याकाळी वेताने बडवायची. ती बरोबर होती. केरोसिनने फरशी पुसायची तेव्हा मात्र चूक होती. फिनाइलही मांजरांना अपायकारक आहे आणि डांबरगोळ्या तर नकोच.

सी विंगमधल्या जैन कुटुंबाला घरात फवारणी नको आहे. त्यांच्या मजल्यावरच्या ताटल्या रिकाम्या निघाल्या, त्यांच्याकडे जनावर नाही, तेव्हा झाडणं आणि ऊन त्यांना पुरेल. त्यांच्या दारावर नोटीस चिकटवू नये.

जनावरांचं औषध त्याच सोमवारी, सगळ्यांचं एकदम. घर झाडलं आणि कुत्रा राहिला, किंवा उलट, तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. गेटवरच्या दोघांसाठी महिनाभर चालणारी गोळी मिळते, पोळीत घालून देता येते. त्या दोघांचं वजन आणि डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे, पैसेही माझे. जिन्याखाली जी तीन पिल्लं आहेत ती फार लहान आहेत, त्यांना औषध नको. कंगवा आणि साबणपाण्याची वाटी घेऊन मी बसेन. एवढ्याशा पिल्लांचं रक्त पिसवा पिऊन टाकतात, म्हणून ते काम थांबवता येत नाही. सगळ्या जनावरांना जंताचं औषधही द्यावं. पिसू गिळली की पट्टकृमी होतो, शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसतात. बोटं तोंडात घालणाऱ्या लहान मुलांनाही तो क्वचित होतो.

फवारणीनंतर आठ-पंधरा दिवस पिसवा दिसतील, कधी आधीपेक्षा जास्त. कोषातल्या बाहेर येतील आणि औषधावर चालून मरतील. तेव्हा फवारणीवाल्याला ठग म्हणू नका आणि त्याचा चेक अडवू नका. दुसरी फवारणी शनिवारी, २० तारखेला. सोमवारी २२ ला घटस्थापना आहे आणि आपल्याकडे गरबा अनवाणी होतो. पितृपक्षात काम कसं काढायचं असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या, हे काही वास्तुशांतीचं काम नाही.

तळमजल्यावरच्या काकांनी सुरतेच्या प्लेगची आठवण काढली. सप्टेंबर १९९४ मलाही आठवतो, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं आणि टेट्रासायक्लिनसाठी मेडिकलपुढची गर्दी. पण प्लेगमध्ये जिचं नाव येतं ती मुख्यतः उंदरावरची पिसू, कुत्र्या-मांजरांवर सहसा सापडते ती वेगळी. कंपाउंडमध्ये मेलेले उंदीर एकाएकी दिसायला लागले तर मात्र हात न लावता महानगरपालिकेला कळवायचं. तसं आपल्याकडे काही नाही.

राहिला वॉचमन. सगळ्यात जास्त चावे त्याला आहेत, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि त्याच्याकडून कोणी काही ऐकून घेतलेलं दिसत नाही. केबिनमध्ये त्याची कापसाची गादी आहे, ती उन्हात टाकायला त्याला जागा नाही, कारण गच्चीला कुलूप आणि किल्ली कमिटीकडे. रविवारी सकाळी सात वाजता ती किल्ली त्याच्याकडे द्यावी. सतरंज्या चढवायला माझा मुलगा आणि नातू येतील.

आपली,
बी-१०२
सोसायटीच्या भाषेत, बिलाडीवाळां बेन (मांजरवाल्या बाई)