ओवी हेल्मेट घालते

उट्रेख्त, नेदरलँड्स,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईचा आवाज ऐकला आणि ठरवलं, नीट लिहूनच कळवायचं. आम्ही चौघंही ठणठणीत आहोत. गाडी घेतली नाही ती पैशांच्या ओढाताणीमुळे नाही, इथे तिच्यावाचून अडतच नाही. आणि ओवीला सायकलवर नेतो म्हणजे तिच्या जिवाशी खेळतो, असंही नाही. ती हेल्मेट घालते. इथली मुलं सहसा घालत नाहीत, तिच्या वर्गात ती एकटीच. पण आई, तू सांगितल्यापासून पट्टा मी स्वतः लावते.

बाबा, तुम्ही विचारलंत, अनोळखी मुलुखात लेकरांना घेऊन वीस-वीस किलोमीटर जाता कसे? सकाळी नितीन एका चिठ्ठीवर नुसते आकडे लिहितो, ती हँडलला चिकटवतो आणि आम्ही निघतो. पहिल्यांदा मलाही काही उमजेना. शेजारणीला विचारलं, कुठे जाऊन आलात, तर तिने गावाचं नाव न घेता आकडेच सांगितले! त्याचं असं आहे: सायकलच्या वाटा जिथे मिळतात, त्या फाट्याला नंबर दिलेला असतो. तिथे नकाशाचा फलक, त्यावर आसपासच्या फाट्यांचे नंबर. पुढचा नंबर ठरवायचा आणि त्याच्या पाट्यांमागे जायचं. तो आला की त्याच्या पुढचा. वळणं लक्षात ठेवायला नकोत, कुणाला विचारायला नको. मुलं दमली तर फलकापाशी थांबून जवळच्या नंबराने घरी वळायचं. ह्युगो बोलेन नावाच्या खाण इंजिनिअरने १९९५ साली बेल्जियमच्या लिम्बुर्ग भागात हे सुरू केलं. आता इथे देशभर आहे.

आम्हाला ही सोय, पण ओवीला हा खेळ वाटतो. सहा वर्षांच्या मुलीला ‘अजून आठ किलोमीटर’ म्हटलं की ती रडकुंडीला येते. ‘आता एकसष्ट शोध’ म्हटलं की पाय आपोआप चालतात. गेल्या रविवारी एका पाण्यावर पूलच नव्हता. छोटा तराफा, नावाडी नाही, आपणच साखळी ओढत पलीकडे जायचं. ओवी आणि नितीनने ओढला. गार ओल्या साखळीने तिचे तळवे लाल झाले, तरी तिने पुन्हा अलीकडे यायला लावलं. तीन फेऱ्या झाल्या आणि चिठ्ठीवरचे पुढचे नंबर राहूनच गेले. राहू देत. मुलांसाठी वाट करायची तर अशीच करावी, थोड्या थोड्या अंतरावर त्यांच्या हातांना काहीतरी काम देणारी. नुसता गुळगुळीत रस्ता असला की तिला अर्ध्या तासात कंटाळा येतो.

आणि ‘तिकडचं सगळं आधीपासूनच चांगलं’ असं नाही हो बाबा. १९७१ साली या देशात वाहनांखाली चारशेच्या वर मुलं गेली. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ हे त्यांच्या संघटनेचं नावच होतं. मोटारींपासून वेगळ्या ठेवलेल्या या लाल वाटांमागे त्यांची धडपड आहे. दोघांनी शेजारीशेजारी सायकल चालवायला इथे कायद्याने मुभा आहे. ओवी आतल्या बाजूला, नितीन बाहेरून, आणि समोरून वारा आला की तो तिच्या पाठीवर हात ठेवतो. तुम्ही माझी सीट धरून मागे धावायचात, ते तेव्हा हटकून आठवतं.

आता छकुलीच्या लग्नाचं. हॉलच्या ॲडव्हान्सचे पैसे या आठवड्यात पाठवते. बाकीचे दिवाळीआधी देईन म्हणाले होते, ते जानेवारीत जमतील. मार्चमध्ये पुढे पेटी असलेली सायकल घेतली, धाकट्याला बसवायला. जुनीच घेतली, तरी बरीच महाग पडली. तुम्ही गाडीचं विचारलंत तेव्हाच हे सांगायला हवं होतं. रजा दहाच दिवस मिळाली, म्हणजे हळदीच्या आदल्या दिवशी पोचू. साड्यांची खरेदी, रुखवत, कशालाच माझा हात लागणार नाही. आई, सगळं एकटीने ओढू नकोस, मावशीला आठ दिवस आधी बोलावून घे. छकुली फोनवर नीट बोलली नाही. रागावली असेल तर तिचं बरोबर आहे, पण तिला म्हणावं, रात्री कितीही वाजता कर, मी उचलीन.

बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? ‘बरंय’ म्हणू नका, रिपोर्टचा फोटो पाठवा.

तुमची,
मनू