कृषिमंत्री साहेब, सरासरी थंडी नको, आमच्या शिवारातली रात्र सांगा

माननीय कृषिमंत्री साहेब,

रामराम. मी निफाड तालुक्यातला द्राक्षवाला, कादवेच्या काठाला बाग आहे, आणि हे पत्र थंडीबद्दल आहे.

दरवर्षी डिसेंबर लागता लागता हवामान खात्याचा डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज येतो, की किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहायची शक्यता आहे किंवा कमी राहायची. त्यात चूक काही नाही हो, पण ती तीन महिन्यांची सरासरी झाली आणि आमची बाग सरासरीने मरत नाही, दोन रात्रीत मरते. अख्खा हिवाळा उबदार गेला आणि मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, दोनच पहाटे पारा पाचच्या खाली गेला तरी मण्यांना तडे जातात, मग तो माल एक्सपोर्टवाला बघतसुद्धा नाही. आणि युट्युबवाल्यांचं तर विचारूच नका, ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी गार पडलं, म्हटलं की लगेच हाडं गोठणार म्हणून मोकळे.

दुसरं म्हणजे आमच्या कानावर अंदाज येतो तो जिल्ह्याचा. आता नाशिक जिल्हा म्हणजे इगतपुरीचा घाट पण आला आणि मालेगाव पण आलं. आमच्याकडे आभाळ निरभ्र, वारा पडलेला असला की गार हवा नदीकडच्या खोलगटात येऊन बसते, निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा किमान तापमानाचा आकडा म्हणूनच दर थंडीत पेपरात असतो. त्याच रात्री नाशिक शहरात निवांत असतं. मग आम्ही अंदाजपंचे शेकोट्या पेटवतो, पहाटे बोअरचं पाणी सोडतो, कधी उगाचच, आणि नेमकी गरज असते तेव्हा झोपलेले असतो.

बरं, यंत्रं नाहीत असं पण नाही. महावेध या राज्याच्या प्रकल्पाची हवामान मोजणारी केंद्रं महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, बसवलेली आहेत, पण त्यांचे आकडे आम्हाला आठवतात ते नुकसान झाल्यावर, विम्याच्या भांडणात. तालुक्यापर्यंतचा सल्ला देणारी देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ मध्ये बंद झाली, तो विषय केंद्राचा आहे असं तुम्ही म्हणाल, मान्य, पण दिल्लीत बोलायला तुमचा आवाज आमच्यापेक्षा मोठा आहे ना.

मागणी काय, तर संध्याकाळी सहाच्या आत मंडळानुसार उद्या पहाटेचं किमान तापमान मराठीत मोबाईलवर टाका. आणि हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं तो गावात कुणाला माहीतच नाही, त्यातलं थंडीची लाट कधी, ढगाळ कधी एवढं जरी सोप्या भाषेत आलं तरी औषधाचे दोन फवारे वाचतील, कारण ढग आले की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने सगळेच पंप घेऊन पळतात. शक्यताच असते हे कळतं आम्हाला, चुकलं तर बोंब मारणार नाही, पण शंभरात किती शक्यता ते पण लिहा.

कृषी सहाय्यकाला हे सांगितलं तर तो म्हणाला वर कळवतो. वर म्हणजे तुम्हीच ना साहेब?

आपला,
निफाडचा एक बागायतदार