दुष्फेन

लातूर, १२ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. घराचं काम उरकलं आणि वहिनींची कंबर आता बरी आहे, हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकी सगळ्या बातम्यांवर भेटीत बोलू. आज लिहितोय ते तुझ्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळींवर. पुण्यात तीस वर्षं दाढीच्या ज्या साबणानं वाटी फेसानं भरायची, तोच साबण गावी आल्यापासून नुसता दह्याच्या पाण्यासारखा होतो, गालावर टिकत नाही आणि पातं ओढतं. 'साबण नकली निघाला का?' असं तू विचारलंयस.

साबण खरा आहे. बदललंय ते पाणी. तू पुण्यात धरणाचं पाणी वापरत होतास, आता बोअरचं वापरतोयस. आठवीत विज्ञानाच्या तासाला एक शब्द घोकला होता बघ, 'दुष्फेन पाणी'. ज्याला फेस येत नाही ते. आपल्या काळ्या पाषाणातून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. साबण पाण्यात गेला की ते आधी त्याच्यातल्या स्निग्ध आम्लांना धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला पांढरट चिकट थर बसतो तो हाच. म्हणजे बोअरचं पाणी आधी आपला वाटा घेतं, आणि मग उरलेल्या साबणाचा फेस होतो. वहिनींना विचार, तुरीची डाळ शिजायला आता वेळ लागतो का. लागत असेल, तर कारण तेच.

म्हणून दाढीपुरतं पाणी वेगळं ठेव. पाणी खळखळून उकळलं की त्यातले थोडे क्षार पांढरे होऊन तळाशी बसतात. निवू दे आणि वरचं अलगद ओतून घे. क्षार सगळे जात नाहीत, पण फरक पडतो. पिण्याचा जार घेत असशील तर त्यातलं फुलपात्रभर पाणी पुरे. सगळ्यात चांगलं पावसाचं पाणी. मृगाच्या पहिल्या सरींनी पत्रे धुऊन निघू देत, मग पन्हळीखाली घागर ठेव.

आता हाताचं सांगतो. हे मला आलं ते अण्णांमुळे, आणि ते मी तुला कधी लिहिलं नव्हतं.

२०१५ ला अण्णांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. रोज सकाळी दाढी केल्याशिवाय चहा न घेणारा माणूस. पहिल्या दिवशी मी त्यांची दाढी करायला बसलो. घाईघाईनं ब्रश बुचकळला, साबणावर चार वेळा फिरवला, गालाला लावला आणि पातं चालवलं. हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त आलं. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले. ते मिटलेले डोळे मला आजही दिसतात.

संध्याकाळी गल्लीतल्या कटिंगच्या दुकानातले वारीकमामा आले. त्यांनी वाटीत बोट घातलं आणि म्हणाले, "साबण कमी अन् पानी जास्ती झालंय. एकदम नका वतू. भाकरीच्या पिठाला लावतेत तसं लावा." दहा मिनिटं माझा हात धरून त्यांनी शिकवलं. तेच तुला देतो.

तुझा ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजू दे. कोरडा केस पाणी पितो आणि मग फेसातलं पाणी ओढतो. तोवर साबणाच्या वडीवर चमचाभर पाणी राहू दे. ब्रश बाहेर काढून पिळ, एकदा झटक, आणि वडीवर गोल फिरव. इथंच आपण सगळे चुकतो, लवकर थांबतो. पुण्यात अर्धं मिनिट पुरायचं, इथं पूर्ण मिनिट दे. ब्रशावर घट्ट, चिकट लेप दिसला पाहिजे, बुडबुडे नव्हेत. मग वाटीत घे आणि बोटांनी पाण्याचे चार-पाच थेंब टाकत घोळ. लेप फाटतोय, चुरचुर आवाज येतोय, तर आणखी थेंब हवेत. मोठे बुडबुडे उठले तर पाणी जास्त झालं, ब्रश परत वडीवर ने. साय चमकते तशी चमक आली आणि चिमटीत धरल्यावर बोटं घसरली की फेस तयार. शेवटी गालावर गोल फिरवून दोन मिनिटं राहू दे. दाढीचा केस पाणी पिऊन मऊ पडतो, आणि ते पाणी गालावर धरून ठेवणं हेच फेसाचं खरं काम. नुसता पांढरा ढीग काही कामाचा नाही.

आणि अंगाचा साबण वापरू नकोस. त्याचा फेस भसकन येतो आणि एक गाल होईपर्यंत बसतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, त्यानं फेस घट्ट होतो आणि टिकतो. पोटॅशियममुळे तो लवकर विरघळतो.

२०१६ चा उन्हाळा तुला ठाऊकच आहे. मांजरा धरण आटलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. अण्णा डाव्या हातानं खूण करायचे, दाढी नको, पाणी ठेव. मी हट्टानं फुलपात्र मोजून घ्यायचो. त्यातच ब्रश भिजायचा, त्यातलेच थेंब वाटीत, उरलेल्यात फडकं ओलं करून तोंड पुसायचं. त्या एका फुलपात्रात इतका दाट फेस यायचा की अण्णा स्वतःच गाल पुढं करायचे. पावसाळा लागला आणि ते गेले. शेवटच्या सकाळीही दाढी झाली होती.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं औशाला उतरतो. अण्णांची पितळी वाटी घासून ठेवलीय, ती तुझ्यासाठी आणतोय. मी पोचायच्या आधी ब्रश भिजत घालून ठेव.

तुझाच,
बाकावरचा शेजारी