गॉलमची गोष्ट अर्धी छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीत जमिनीखाली राहणाऱ्या राक्षसांचं एक पान होतं, त्यात टॉल्किनच्या 'द हॉबिट' या कादंबरीतल्या गॉलमचं चित्र आणि खाली चार ओळी, की हा गुहेत राहतो, कच्चे मासे खातो, गोष्टीचा नायक बिल्बो याला खायला निघाला होता पण बिल्बो हुशार म्हणून सुटला. संपलं. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, त्याने ते वाचून विचारलं, मावशी, बिल्बोकडे तलवार होती ना, मग त्याने त्याला मारलं का नाही? अहो, अख्खी गोष्ट ज्या प्रश्नावर उभी आहे तो हाच, आणि त्याचं उत्तर नेमकं तुमच्या पानातून गळलंय म्हणून हे पत्र लिहितेय.

गॉलम आधी स्मिगॉल होता. नदीकाठी राहणाऱ्या बुटक्या माणसांतला, म्हणजे बिल्बोसारख्या हॉबिटांच्याच जातकुळीतला, आणि त्यांच्या घरात आजीचा शब्द चालायचा. याच्या वाढदिवसाला डिआगॉल नावाच्या मित्राला नदीच्या तळाशी एक अंगठी सापडली, घातली की माणूस अदृश्य होतो अशी, याने ती मागितली, त्याने दिली नाही तर याने गळा दाबून मारलं त्याला. हे मी भाच्यापासून लपवलेलं नाही. पुढे घरच्यांनीच हाकलला, ऊन सोसेना झालं, म्हणून डोंगराखाली शिरला, टॉल्किनच्या कालगणनेत ते वर्ष साधारण २४७० आणि बिल्बो तिथे चुकून पोचतो २९४१ मध्ये. म्हणजे ४७१ वर्षं! एवढी वर्षं तो खाली, काळ्या थंड पाण्याचं तळं, मधे खडकाचं बेट, एक छोटी होडी, पाय दोन्ही बाजूंना सोडून वल्हवायचा आणि पाण्यावर तरंगसुद्धा उठायचा नाही. बोलायला कोणी नाही म्हणून स्वतःशीच बोलायचा. गॉलम हे नावही त्याच्या घशातून येणाऱ्या गिळल्यासारख्या आवाजावरून पडलेलं, आईबापांनी दिलेलं नाव कोणी हाक मारायलाच उरलं नव्हतं.

आणि अशा ठिकाणी ते दोघं पैजेवर कोडी घालतात, बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार. 'बत्तीस चिरे त्यात नागीण फिरे' हे आपल्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी ऐकलंय, बिल्बोचंही एक कोडं दातांचंच आहे, फक्त गॉलमला सहाच दात उरलेत. मग बिल्बो घालतो गवतातल्या फुलांवर पडलेल्या उन्हाचं कोडं, आणि गॉलम गप्प होतो कारण त्याला आठवतं, फार फार पूर्वी आपण आजीबरोबर नदीकाठच्या बिळात राहायचो. अंड्याच्या कोड्यालाही तसंच, घरट्यांतून अंडी चोरायचो ते आठवतं आणि परत आजी आठवते. मी हे मोठ्याने वाचते तेव्हा दरवेळी इथे माझा आवाज अडकतो. राक्षसाला आजी आठवते का हो?

काळाचंही एक कोडं आहे, ते बिल्बोला येत नाही, तो घाबरून नुसता वेळ मागतो आणि तेच उत्तर निघतं. काळोखात एकट्या माणसाचं काय होतं ते खऱ्या जगातही बघितलंय लोकांनी. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ मध्ये आल्प्समधल्या एका गुहेत दोन महिने घड्याळाशिवाय एकटा राहिला, १४ सप्टेंबरला प्रयोग संपला तेव्हा त्याच्या हिशोबाने अजून २० ऑगस्टच होता. पंचवीस दिवस हरवले, आणि त्याच्याकडे तर वरच्या लोकांशी बोलायला फोन होता.

आता मूळ मुद्दा. 'द हॉबिट' १९३७ मध्ये आलं तेव्हा हे प्रकरण वेगळंच होतं. त्यात गॉलम हरल्यावर अंगठी बक्षीस द्यायला तयार असतो, ती सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि बाहेरची वाट दाखवतो. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मोठी कादंबरी लिहिताना अंगठीचं महत्त्व वाढलं, ती कोणी अशी सहज देईल हे जमेना, म्हणून टॉल्किनने प्रकरण नव्याने लिहिलं आणि ते १९५१ च्या आवृत्तीत आलं. त्यातला गॉलम जास्त भयानक आहे हे खरंय, पण त्याच आवृत्तीत ती जागा आली जिथे बिल्बो गॉलमची हरवलेली, आपल्याला वाटेत सापडलेली अंगठी घालून अदृश्य उभा आहे, हातात तलवार, गॉलम वाट अडवून बसलाय, एक घाव घातला की सुटका. आणि बिल्बोला एकदम कळतं की याचं जगणं कसं असेल, दिवस मोजता येत नाहीत, उजेड नाही, काही बरं होईल अशी आशा नाही, थंड दगड आणि थंड मासे. त्याला कीव येते आणि तो वार न करता त्याच्या डोक्यावरून उडी मारून जातो. पुढे मोठ्या कादंबरीत बिल्बोचा वारस फ्रोडो ती दुष्ट अंगठी आगीत टाकून नष्ट करायला निघतो, पण शेवटच्या क्षणी त्याला ती टाकवत नाही, ती आगीत जाते ती गॉलमबरोबरच, म्हणजे त्या गुहेत बिल्बोने वार केला असता तर सगळंच बुडालं असतं.

आपल्याकडे अश्वत्थामा आहे. झोपलेल्या पोरांना मारणारा. तरी माझी आजी सांगायची की तो जखमेला तेल मागत फिरतो, दारात कोणी तेल मागायला आलं तर नाही म्हणू नये. तिने त्याला कधी चांगला म्हटलं नाही, पण तेल द्यायला सांगितलं. मुलांना एवढं कळतं हो, माझ्या भाच्याला उडीचा प्रसंग वाचून दाखवला तर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला बिल्बोने त्याला बरोबर घेऊन जायला पाहिजे होतं.

विनंती एवढीच की पुढच्या रविवारी छोटी चौकट देऊन तो उडीचा प्रसंग छापा, राक्षस हा शब्द काढा, आणि चित्र परत देणार असाल तर नुसते दात आणि डोळे नकोत, ते तळं दाखवा, बेट दाखवा आणि त्याची होडी पण काढा.

आपली,
एक वाचक मावशी