परिषदेला विद्यार्थी पाठवताना उचल द्या

मा. संपादक,

डिसेंबर ते मार्च हा परिषदांचा हंगाम. मंजूर निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे, म्हणून राज्यातली महाविद्यालये आपापल्या परिषदा याच दिवसांत उरकतात आणि सोलापूरचे विद्यार्थी पोस्टरची गुंडाळी काखेत मारून पुणे, मुंबई, हैदराबादकडे निघतात. शोधनिबंध बहुधा बरा असतो. फजिती होते ती इतर गोष्टींत. त्यांतल्या बहुतेक गोष्टी मार्गदर्शकाने तासभर बसून समजावल्या तर टळतात. एक मात्र कार्यालयाच्या हातात आहे: खर्चासाठी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, देणे.

आधी परिषद कोणती ते पाहावे. गोषवारा पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वीकृतिपत्र आले किंवा एकाच पत्रकात शेतीपासून कायद्यापर्यंत सगळे विषय दिसले, तर ती परिषद शुल्कासाठीच भरवली आहे असे खुशाल समजावे. ‘निबंध यूजीसी केअर नियतकालिकात छापू’ असे अजूनही छापले जाते. यूजीसी केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी, ती आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्येच बंद केली. ‘आयएसबीएनसह’ या शब्दालाही भुलू नये. ९७८ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक कोणत्याही पुस्तकाला मिळतो, त्याचा दर्जाशी संबंध नाही. पीएच.डी.च्या भीतीने निबंधांचा ढीग रचणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, आयोगाच्या २०२२च्या नियमावलीने प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली आहे.

नोंदणीत दोन चुका ठरलेल्या. निबंधावर तिघांची नावे असतात, शुल्क एकजण भरतो आणि प्रमाणपत्र फक्त त्यालाच मिळते. बहुतेक आयोजक प्रत्येक सहलेखकाची वेगळी नोंदणी मागतात, तेव्हा पत्रकातली ती ओळ आधी वाचावी. दुसरी चूक नावाची. मोबाइलवर घाईत भरलेल्या अर्जातले स्पेलिंगच प्रमाणपत्रावर उतरते, म्हणून गुणपत्रिका समोर ठेवून अर्ज भरावा. विद्यार्थी सवलतीला बोनाफाईड लागते, ते आठवडाभर आधी काढून ठेवावे.

आता प्रवास. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. स्वीकृतिपत्र हाती येईपर्यंत त्यातले चाळीस दिवस उलटलेले असतात. उरते तत्काळ. आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता, आणि जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेले खाते हवे. ही जोडणी आधीच करून ठेवावी. सकाळी १०ला ओटीपीची वाट पाहत बसलेल्याला तिकीट मिळत नाही. कन्फर्म तत्काळ रद्द केले तर पैसे परत नाहीत. ऑनलाइन काढलेले तिकीट वेटिंगवर राहिले तर आपोआप रद्द होते, त्यावर चढता येत नाही. आरएसी असेल तर निदान अर्धा बाक मिळतो.

पुण्याला जाणारे ‘हुतात्मा’ एक्स्प्रेसवर विसंबतात. ती पोहोचते साडेदहाच्या आसपास, तर नोंदणीचे टेबल नऊला लागते. पहिल्याच सत्रात सादरीकरण असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला जावे, किंवा ‘वंदे भारत’ पाहावी. ती मात्र आठवड्यातून एक दिवस नसते, त्यामुळे वार तपासावा. परतताना गंमत उलटी. ‘हुतात्मा’ पुण्याहून सहाच्या सुमाराला निघते, समारोप साडेपाचचा छापलेला असतो आणि प्रमाणपत्रे समारोपानंतर वाटतात. त्या गाडीचे तिकीट काढू नये. रात्रीची रेल्वे किंवा स्वारगेटची एसटी बरी. एसटीत विद्यार्थिनींना मार्च २०२३पासून तिकीट अर्धेच आहे. मुंबईत ‘विद्यापीठ’ म्हणजे फोर्टचे संकुल की कलिन्याचे हे विचारून घ्यावे. कलिन्याला जायचे तर ‘सिद्धेश्वर’ एक्स्प्रेसने सीएसएमटीपर्यंत जाण्यात अर्थ नाही, दादरला उतरून पश्चिम रेल्वेने सांताक्रूझ गाठावे. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठासाठी गाडी थांबत असेल तर लिंगमपल्लीलाच उतरावे. सिकंदराबादला जाऊन विद्यापीठ असलेल्या गच्चीबावलीला परत येण्यात सकाळ जाते. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की दोन दिवस जेवणाची चिंता नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको.

पोस्टरचा घोळ मापात होतो. आयोजक ए-झीरो सांगतात, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, उभे. फ्लेक्सवाला फुटांत विचार करतो आणि ‘तीन बाय चार’ काढून देतो. ते रुंदीला सात सेंटिमीटर जास्त भरते आणि फळीबाहेर लोंबते. त्याला माप मिलिमीटरमध्ये लिहून द्यावे, फाइल पीडीएफमध्ये द्यावी. अंगातला मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको, दोन हातांवरून वाचता आला पाहिजे. फ्लेक्सची घडी घालू नये, घडीची रेघ जात नाही. हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा आणि दोन टोप्या आणाव्यात, पोस्टर त्यात बरोबर मावते. दुहेरी चिकटपट्टी आणि टाचण्या आपल्याच न्याव्यात.

मराठी, हिंदीच्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी सूचना. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या स्लाइड दुसऱ्याच्या संगणकावर चिन्हांची रांगोळी होतात. युनिकोडमध्ये टाइप करावे आणि पीडीएफ प्रतही जवळ ठेवावी, एक पेनड्राइव्हवर, एक स्वतःच्या ईमेलमध्ये. दहा मिनिटे छापलेली असली तरी उद्घाटनाचे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मनोगते लांबतात, आणि ती भरपाई विद्यार्थ्यांच्या सत्रातून होते. ‘पाच मिनिटांत आटपा’ असे सत्राध्यक्ष म्हणाले तर कोणत्या तीन स्लाइड दाखवायच्या, हे घरीच ठरवावे.

आता कार्यालयाचे. बहुतेक ठिकाणी रीत अशी की, विद्यार्थ्याने आधी खर्च करायचा आणि मग बिल सादर करायचे. नोंदणी, तिकीट, लॉज असा खर्च विडी कामगाराच्या किंवा यंत्रमागावरच्या घरातून कसा निघणार? परत आल्यावर फाइल अडते ती अशा कारणांनी: प्राचार्यांची पूर्वपरवानगी नाही, शुल्काच्या पावतीऐवजी यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडला आहे, उपस्थिती प्रमाणपत्र नाही, लॉजचे बिल मित्राच्या नावावर आहे. एसटीचे तिकीट थर्मल कागदावर असते, महिन्याभरात कोरे पडते. त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढून मूळ तिकिटाला जोडावी. मार्चअखेर उलटली की पुढच्या वर्षाच्या तरतुदीतून हे बिल काढायला लेखा विभाग नाखूश असतो, ती त्यांचीही अडचण आहे.

म्हणून महाविद्यालयांना विनंती आहे. शिक्षकांना दौऱ्यासाठी उचल मिळते, तशीच स्वीकृतिपत्र पाहून विद्यार्थ्याला मार्गदर्शकाच्या नावे द्यावी. नोंदणी शुल्क महाविद्यालयाच्या खात्यातून थेट आयोजकांना भरावे, म्हणजे पावतीचा प्रश्नच उरत नाही. परवानगीच्या पत्रातच त्या दिवसांची हजेरी धरण्याचा आदेश असावा, नाहीतर ७५ टक्क्यांच्या हिशेबात परिषदेला गेलेला विद्यार्थीच गैरहजर ठरतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी, नोव्हेंबरात, या सगळ्या सूचनांचे एका पानाचे परिपत्रक सूचना फलकावर लागावे.

आपले,
काही निवृत्त प्राध्यापक, सोलापूर