टेप कापणारा प्रशिक्षक

संपादक महोदय,

बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाबद्दल छापून येतं ते बहुधा करंडक आणि मानधन. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या मायामी हीट संघाचे मुख्य प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा यांचंही तसंच. जानेवारी 2024 मध्ये 8 वर्षांचा 12 कोटी डॉलरचा करार झाला, त्याचा गाजावाजा झाला. 1995 मध्ये ते याच संघात सामन्यांच्या टेप कापायला लागले होते, हे कोण लिहितं? एनबीएत ते स्वतः कधी खेळलेले नाहीत.

टेप कापणं हे कारकुनी काम नव्हे. प्रतिस्पर्ध्याची एकेक चढाई सुटी करायची: स्क्रीन (बचाव करणाऱ्याची वाट अडवणारा आडोसा) कुणी लावली, कुठल्या बाजूला, बचाव करणारा तिच्या वरून गेला की खालून, मदत कुठल्या कोपऱ्यातून आली. खेळाडूंपुढे मात्र त्यातले मोजकेच तुकडे ठेवायचे. नवखे प्रशिक्षक इथेच फसतात. अर्धा तास व्हिडिओ दाखवतात आणि कोर्टवर पोरांना त्यातलं एकही आठवत नाही.

2008 मध्ये स्पोल्स्ट्रा मुख्य प्रशिक्षक झाले. 2011 ची अंतिम मालिका जेम्स, वेड आणि बॉश हे तीन तारे संघात असूनही डॅलसविरुद्ध 2-4 अशी गेली. जेम्स आणि वेड दोघंही रिंगकडे घुसणारे, आणि तिथे आधीच गर्दी. पुढच्या मोसमात बॅटिए यांच्यासारखा तीन गुणांचा नेमबाज फॉरवर्डच्या जागी आला, बॉश सेंटरला, म्हणजे एरवी रिंगजवळ उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूच्या जागी, सरकले आणि बाहेरून नेम धरू लागले. त्यांच्यामागे समोरच्या संघाच्या उंच खेळाडूला रिंग सोडून बाहेर यावंच लागलं. घुसायला वाट मिळाली. 2012 आणि 2013, लागोपाठ दोन विजेतेपदं.

अलीकडे हीट 2-3 झोनही, म्हणजे पुढे दोन आणि मागे तीन खेळाडूंनी आपापली जागा राखायचा बचावही, भरपूर खेळतो. आपल्याकडे तो शाळेपासून लावतात, पण त्याची दुखणी शिकवत नाहीत. चेंडू फ्री थ्रो रेषेच्या मध्यावर पोचला की बचाव आत ओढला जातो आणि कोपरे उघडे पडतात. शिवाय रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडताना, कुणी कुणाला अडवायचं हे ठरलेलं नसतं.

जाता जाता टाइमआउटबद्दल. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत दुसऱ्या अर्धात तीन मिळतात. शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउटनंतर चेंडू पुढच्या कोर्टातून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रिंगच्या बाजूच्या अर्ध्या भागातून, आत टाकता येतो, म्हणून आपले प्रशिक्षक तिन्ही राखून ठेवतात. पण त्या दोन मिनिटांत दोनच वापरता येतात. तिसरा आधी घेतला नाही, तर गेला.

– काही बास्केटबॉल प्रशिक्षक, नागपूर