केंदाळ पुन्हा वाढलंय! रंकाळ्यासाठी ट्रॉल्या, माणसं आणि थोडी वर्गणी हवी

समस्त कोल्हापूरकरांना नमस्कार,

पहाटे रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांनी बघितलंच असेल. संध्यामठाच्या बाजूला केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, हिरवा पट्टा पुन्हा पसरायला लागलाय. लांबून दिसायला झकास, वर जांभळी फुलंसुद्धा आलीत, आणि हौशी मंडळी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतायत. काढू देत बापडे. आम्हाला मात्र त्या फुलांची धास्ती वाटते. फूल आलं की बी पडतं, ते तळच्या गाळात कैक वर्षं जिवंत राहतं आणि सवडीनं उगवतं. खाऊन-पिऊन ऐन भरात असलं तर हे केंदाळ साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतं. म्हणून हे पत्र पावसाच्या आत लिहितोय.

आम्ही रंकाळ्याच्या काठानं राहणारी, दर रविवारी सकाळी तळ्यात उतरणारी साधी माणसं. कुणी रिक्षा चालवतं, कुणी शाळेत शिकवतं, दोघं-तिघं पेन्शनर आहेत. पगारी माणूस एकही नाही.

सरळ मुद्द्यावर येतो. आमची खरी अडचण केंदाळ उपसण्याची नाही, उपसलेलं उचलून नेण्याची आहे.

शहरातलं सांडपाणी नाल्यांवाटे तळ्यात उतरतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे पिकाला घालतो तेच खत. त्या खतावर केंदाळ पोसतं. मग पाण्यावर सतरंजी अंथरल्यासारखं होतं, खाली ऊन पोचत नाही, कुजका पाला तळाशी साठतो आणि पाण्यातला ऑक्सिजन उतरत जातो. मासे पहाटे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते त्यामुळंच. रात्रभर वनस्पतीसुद्धा ऑक्सिजन वापरतात, म्हणून सूर्य उगवायच्या आधीची वेळ सगळ्यांत वाईट. मासे आणि पाणपक्ष्यांसाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

आता केंदाळानं जे खत शोषलंय, ते त्याच्या अंगातच असतं. ते उचलून लांब नेलं तर तेवढं खत तळ्यातून कायमचं गेलं. काठावर ढीग मारून ठेवलं तर पहिल्या वळवाच्या पावसात कुजका रस घसरत परत पाण्यात. सुरुवातीला आम्हीही हीच चूक केली. दिवसभर राबून काठावर डोंगर रचला, फोटो काढले, घरी गेलो. पुढं पाऊस झाला आणि त्या ढिगाखालचं पाणी चहासारखं काळं झालं. तेव्हापासून नियम केलाय: त्या दिवशी जेवढं वाहून नेता येईल तेवढंच उपसायचं.

आणि वाहून नेणं महाग पडतं. ओल्या केंदाळात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, म्हणजे डिझेल जाळून आपण पाणीच फिरवतो. तळ्यापासून लांब, उताराच्या पलीकडं एक दिवस निथळू दिलं तर खेपा कमी होतात. त्यासाठी जागा मिळाली आहे, वाहनं नाहीत.

करवीर तालुक्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांना म्हणून खास विनंती. गळीत हंगाम संपला, ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या आता दारात उभ्या आहेत. महिन्यातला एक रविवार, एक ट्रॉली, दोन खेपा. डिझेल आम्ही घालू. बदल्यात पाहिजे असेल तर हेच केंदाळ शेणकाल्यात कुजवून खत करा. फक्त भाजीपाल्याला घालू नका, कारण सांडपाण्यातलं नको ते यात उतरलेलं असू शकतं. झाडांना घाला. आणि पुरतं कुजल्याशिवाय ओढ्याकाठी तर अजिबात टाकू नका, नाहीतर आमचं दुखणं तुमच्या गावाला.

पैशाचं म्हणाल, तर एकदम मोठी रक्कम कुणी दिलीच तर नाही म्हणणार नाही. पण आम्हाला जास्त उपयोगी आहेत ती महिन्याला शंभर रुपये नेमानं देणारी माणसं. डिझेल, सोल (जाड दोर), बुट्ट्या, दाताळी, हातमोजे आणि पाणी तपासायचं किट, एवढाच खर्च. दर महिन्याचा हिशेब कागदावर लिहून चौपाटीवर लावतो. टी-शर्ट छापणार नाही, डिजिटल फलक लावणार नाही. देणगीदाराचा फोटो हवा असेल तर माफ करा.

तालीम मंडळांना एक सांगणं. गणपतीच्या वर्गणीतली एक पावती तळ्याच्या नावानं फाडा, आणि विसर्जनाला इराणी खण आहे, कुंड आहेत, तिकडंच चला. प्लास्टर विरघळत नाही, हे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे.

कुणी म्हणतं, एवढं जुनं तळं, ते कुठं जातंय? कोल्हापुरात असं म्हणायची सोय नाही. गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ होतं. कपिलतीर्थ मंडईत आपण मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करतो ती बुजवलेल्या तळ्यावर उभं राहून. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिसची फुटबॉल मॅच बघताना जिथं बसतो, तिथं रावणेश्वर तलाव होता. कोटीतीर्थ आणि कळंबा अजून आहेत, त्यांचीही काळजी आहेच. पण आमचे हात सध्या रंकाळ्यालाच पुरत नाहीत.

एक कबुलीही देऊन टाकतो. नाल्यांतलं सांडपाणी बंद होत नाही तोवर केंदाळ परत येणार. शिवाय नुसतं केंदाळ काढलं आणि खत तसंच येत राहिलं, तर मोकळ्या पाण्यावर हिरवं शेवाळ माजतं आणि वास सुटतो. म्हणून आम्ही पाण्याची नोंदही ठेवतो. वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की खोली लिहायची, म्हणजे पाणी किती गढूळ ते कळतं. वही आणि दोरी, खर्च जवळजवळ शून्य. पण दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी करणारा माणूस लागतो. विज्ञान शिकणारी दोन-तीन कॉलेजची पोरं यासाठी हवीत. नाल्यांबद्दल अर्ज करताना हीच वही सोबत जोडता येते.

रविवारी सकाळी साडेसहाला संध्यामठाजवळ या. गमबूट असतील तर आणा. नसतील तर काठावर बुट्ट्या ओढायचं काम आहे, तेही कमी नाही. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी आत जायचं, तेही ट्यूब आणि सोल बांधूनच. लहान मुलांना पाण्यात सोडत नाही. त्यांना टिबुकल्या आणि पाणकावळे मोजायला बसवतो, आणि ती मोजणी मोठ्यांपेक्षा बरोबर येते. पावतीपुस्तक तिथंच असतं. नऊ वाजता काम थांबतं, चहा आमचा, मिसळ ज्याची त्यानं.